हेरमालिकेला किती खोटं माफ?

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या हेरांवरची 'टर्न' ही मालिका २०१४ ते २०१७ या काळात चार हंगाम चालली आणि संपलीसुद्धा. नौपाड्यातल्या आमच्या मित्रमंडळात ती पोचली अलीकडे, आणि तेव्हापासून रविवारी सकाळी मामलेदारच्या मिसळीसमोर बसून ठाणेकर माणसं जॉर्ज वॉशिंग्टनच्या हेरांवरून हमरीतुमरीवर येतात. भांडायला माझी ना नाही; मिसळ खाताना गप्प बसणारा ठाणेकर मला अजून भेटायचाय. पण भांडण चाललंय ते भलत्याच जागी. एक तट चुका वेचणाऱ्यांचा. त्यातला एक जण दृश्य थांबवून शिपायाच्या कोटाची बटणं बघतो, बंदूक त्या सालातली आहे का ते तपासतो आणि पुरावा म्हणून फोन सगळ्यांच्या नाकासमोर धरतो. दुसऱ्या तटाचं एकच पालुपद: 'मालिका आहे रे, इतिहासाचा तास नाही.' पहिल्याला सगळं खरं हवं, दुसऱ्याला सगळं चालतं. नेमकं काय खरं असायला हवं आणि काय खोटं चालेल, हा प्रश्न मात्र दोघंही टाळतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जिथे कागद गप्प आहे, तिथे मालिकेने हवी तेवढी कल्पना लढवावी. कुणी तोंड वेंगाडायचं कारण नाही. जिथे कागद बोलतोय, तिथे खऱ्या माणसाच्या नावावर त्याच्या उलट काही खपवू नये. आमचे चाहते वागतात ते बरोबर याच्या विरुद्ध. रिकाम्या जागा कल्पनेने भरल्या की ते 'पुरावा काय?' म्हणून उसळतात आणि पुरावा असलेल्या माणसाचं पडद्यावर मातेरं झालं की 'काय जबरदस्त खलनायक रंगवलाय!' म्हणून टाळ्या पिटतात.

हेरकथेला हा निकष लावणं का निकडीचं, ते आधी बघू. राजाच्या दरबाराचा, लढाईचा, तहाचा कागद उरतो, कारण तो उरावा म्हणूनच लिहिलेला असतो. हेराचा कागद वाचून जाळायचा असतो. वॉशिंग्टनची ही टोळी, जिला 'कल्पर रिंग' म्हणतात, १७७८ पासून ब्रिटिशांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमधून बातम्या काढत होती. बेंजामिन टॉलमॅज हा तिचा चालक. त्याने ७६३ आकड्यांचा संकेतकोश केला होता. त्यात वॉशिंग्टन म्हणजे ७११, न्यूयॉर्क म्हणजे ७२७. सेटॉकेट गावचा शेतकरी एब्राहम वुडहल पत्रांखाली 'सॅम्युअल कल्पर' अशी सही करी. शहरातला व्यापारी रॉबर्ट टाउनसेंड हा 'कल्पर ज्युनियर'. न दिसणाऱ्या शाईत लिहिलेलं पत्र न्यूयॉर्कहून निघे, घोडेस्वार ते ऐंशी-नव्वद किलोमीटर दौडत गावात आणी, तिथून रात्री होडीतून खाडीपार कनेक्टिकटला, मग टॉलमॅजकडे आणि शेवटी वॉशिंग्टनकडे. बातमी पोचेपर्यंत शिळी व्हायची आणि सेनापती उशिराबद्दल कुरकुरायचा. यातली काही पत्रं वॉशिंग्टनच्या दप्तरात राहिली, म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. तरीही टाउनसेंड हे नाव जवळजवळ दीडशे वर्षं कुणाला सापडलं नव्हतं. १९३० च्या सुमारास एका स्थानिक संशोधकाने जुन्या हिशेबाच्या वह्यांतलं आणि हेराच्या पत्रांतलं हस्ताक्षर ताडून पाहिलं, तेव्हा ते उजेडात आलं. हेरांच्या इतिहासात कागद असा, इकडे मूठभर तिकडे चिमूटभर.

आता चुका वेचणाऱ्यांची बाजू. ती टाकाऊ नाही. बटणावर हसू येतं खरं, पण बटण चुकवणारा माणूस आणखी काय काय चुकवत असेल, ही त्यांची शंका रास्तच आहे. निष्काळजीपणा एका खोलीत थांबत नाही. त्यांच्या यादीतल्या काही गोष्टी तर बटणापेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत. मालिकेत वुडहल पहिल्यापासून बायकोमुलाचा धनी आहे आणि शेजारच्या ॲना स्ट्राँगवर जीव टाकतो. खऱ्या वुडहलचं लग्न झालं १७८१ मध्ये, आणि ॲना त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, लेकुरवाळी बाई. हे प्रेमप्रकरण सोयीसाठी चिकटवलेलं आहे आणि ते मला पटलेलं नाही. एका घरंदाज बाईच्या नावावर अडीचशे वर्षांनी लफडं चढवायचं, तेही प्रेक्षक तिसऱ्या भागात कंटाळू नये म्हणून, हे काही मोठं कलाकर्म नव्हे. पण हीच मंडळी पत्र पोचायला लागणारा वेळ मालिकेत कमी दाखवला म्हणूनही तितकीच चिडतात. आठवड्याचा प्रवास आठ सेकंदांत दाखवणं हा पडद्याचा व्याकरणनियमच आहे. लफडं आणि आठ सेकंद एकाच यादीत, एकाच अनुक्रमांकाने लिहिणाऱ्याला चुका मोजता येतात, तोलता येत नाहीत.

सगळ्यात मोठा गदारोळ होतो तो '३५५' वरून. संकेतकोशात ३५५ म्हणजे स्त्री. १५ ऑगस्ट १७७९ च्या पत्रात वुडहल एवढंच लिहितो की आपल्या ओळखीतल्या एका ३५५ च्या मदतीने सगळ्यांना चकवता येईल. संपलं. नाव नाही, गाव नाही, तिने पुढे काय केलं त्याचा पत्ता नाही. या एका ओळीवर पुढच्या पिढ्यांनी अख्खी नायिका उभी केली. ती पकडली गेली, कैद्यांच्या गलबतावर मेली, अशा कहाण्या जोडल्या. मालिकेने हा आकडा ॲनाच्या घरी गुलाम असलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीला दिला. आमच्यातले चुका वेचणारे म्हणतात, हा इतिहासाचा खून आहे. कुठल्या इतिहासाचा? खून व्हायला आधी जिवंत काहीतरी लागतं. कागद इथे एक वाक्य बोलून गप्प झालाय. अधिकाऱ्यांच्या घरात वाढप करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, दाराआडून सगळं ऐकणाऱ्या गुलाम बाईकडून बातमी बाहेर जाणं त्या काळात अशक्य होतं, असं कुणी म्हणू शकेल का? मग त्या रिकाम्या जागेत तिला बसवलं तर बिघडलं काय? माझ्या मते मालिकेतला सर्वांत इमानदार भाग हाच आहे, आणि आमच्या रविवारच्या न्यायालयात फाशी मात्र याच भागाला.

उलट ज्याच्याबद्दल कागद भरभरून बोलतो, त्या जॉन ग्रेव्ह्ज सिमकोकडे बघा. मालिकेतला सिमको म्हणजे थंड आवाजाचा, ॲनाच्या पायी वेडा झालेला, माणसं मारण्यात रस घेणारा ब्रिटिश अधिकारी. नट उत्तम आहे, दृश्यं अंगावर येतात, आणि आमच्यापैकी निम्म्यांनी मालिका शेवटपर्यंत पाहिली ती त्याच्यासाठी. खरा सिमको 'क्वीन्स रेंजर्स' या पलटणीचा प्रमुख. युद्ध संपल्यावर तो अप्पर कॅनडाचा पहिला लेफ्टनंट गव्हर्नर झाला, आजच्या टोरांटोचा पाया त्याच्या काळात घातला गेला, आणि १७९३ मध्ये त्याच्या पुढाकाराने प्रांतात नवे गुलाम आणायला बंदी घालणारा कायदा झाला. कॅनडातल्या टोरांटोत आजही त्याच्या नावाचा दिवस पाळतात. तो संत होता असं मी म्हणत नाही. मार्च १७७८ मध्ये न्यूजर्सीतल्या हॅन्कॉक्स ब्रिजला त्याच्या माणसांनी रात्री घरात घुसून झोपलेल्यांना संगिनींनी भोसकलं. ज्याच्या घरात हे घडलं तो न्यायाधीश हॅन्कॉक स्वतः इंग्रजांच्याच बाजूचा होता, तोही त्यात गेला. म्हणजे क्रौर्य दाखवायचं तर कागद हात पुढे करून उभा होता. मालिकेला तो नको होता. तिला प्रेमात पिसाटलेला विकृत माणूस हवा होता, आणि त्या मापाचा खरा माणूस न मिळाल्याने तिने एका खऱ्या माणसाचं नाव उसनं घेतलं.

गंमत अशी की प्रेमाचा कागदही होता. १७७८-७९ च्या हिवाळ्यात सिमकोचा मुक्काम ऑयस्टर बे इथल्या टाउनसेंडांच्या घरी होता. हो, त्याच टाउनसेंडांच्या. घरच्या मुलीला, सॅलीला, त्याने व्हॅलेंटाइनची कविता लिहून दिली. तिचा भाऊ रॉबर्ट थोड्याच महिन्यांत वॉशिंग्टनचा न्यूयॉर्कमधला प्रमुख हेर होणार होता. शत्रूचा अधिकारी हेराच्या घरात उतरतो, त्याच्या बहिणीला प्रेमपत्र लिहितो आणि कोणाच्या छपराखाली आपण झोपतोय याचा त्याला पत्ता नाही! यापेक्षा चांगली गोष्ट कुठल्या पटकथाकाराला सुचली असती? जाता जाता सांगतो, त्याच हिवाळ्यात, जानेवारी १७७९ मध्ये, आपल्याकडे वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला कोंडीत धरून तह लिहून घेतला होता. इंग्रज एकाच वेळी दोन खंडांत पाय पोळून घेत होता.

आता दुसऱ्या तटाचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते म्हणतात, ऐतिहासिक कथा अशीच असते, नेहमीच होती. बखरकारांनी भाषणं रचली, नाटककारांनी स्वगतं रचली, कीर्तनकारांनी तर देवालाही संवाद दिले. आपण बहिर्जी नाईकांवर लहानपणापासून जीव टाकतो तो कुठल्या कागदाच्या जोरावर? सुरतेच्या स्वारीच्या संदर्भात सभासदाच्या बखरीत त्यांचा उल्लेख येतो, पण समकालीन साधनांत त्यांच्याबद्दल फार थोडं आहे. फकीर, गोंधळी, पिंगळा अशी जी सोंगं आपण डोळ्यांसमोर आणतो, ती बहुतेक नंतरच्या लेखणीने चढवलेली. मग ती सगळी पुसायची का?

नाही, अजिबात पुसायची नाहीत. बहिर्जी आणि ३५५ एका रांगेत बसतात. तिथे कागद जवळजवळ गप्प आहे, आणि कल्पनेने जे रचलं त्याने कुठलाही कागद खोटा पडत नाही. बखरकार भाषण रचतो तेव्हा माणूस तसं बोलला असता, असा त्याचा दावा असतो. सिमकोच्या बाबतीत मालिका म्हणते, हा माणूस असा होता, आणि शंभर कागद म्हणतात, नव्हता. या दोन कृती मला एकच वाटत नाहीत आणि परंपरेच्या पांघरुणाखाली दोन्ही झाकता येत नाहीत.

'पण दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्याला काय इजा होते?' हेही वारंवार ऐकतो. मेलेल्याला नाही, मागे राहिलेल्यांना होते. २०२५ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरच्या हिंदी चित्रपटातल्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली, हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. तिथे कागद काय सांगतो, यावर अभ्यासकांनी बोलावं. माझा मुद्दा तो नाही. मुद्दा एवढाच, की महाराष्ट्रात आडनाव मरत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं आडनाव आज एखाद्या पोरीच्या शाळेच्या हजेरीपटावर असतं आणि पिक्चर बघून आलेली वर्गातली पोरं तिला काय ऐकवतात, हे मालिकावाल्यांना कधी कळत नाही.

यावर जो आक्षेप येतो, त्याने मात्र मीही थबकतो. खरेपणाचा आग्रह धरला की तो फार लवकर दंडुकेवाल्यांच्या हाती जातो. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत काय झालं ते आठवा. एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाचा राग म्हणून जमाव आत शिरला आणि पुस्तकं, पोथ्या, कपाटं यांची नासधूस करून गेला. इतिहासाचा अपमान झाला म्हणून आलेल्यांनी इतिहासाचे कागदच फाडले! तेव्हा 'खऱ्या नावाला धक्का लावू नका' म्हणणाऱ्याने हे आधी सांगायला हवं की त्याला बंदी नको, खटला नको, मोर्चा नको. मला यातलं काहीच नको. मला हवेत जाणकार चाहते, जे मालिका बंद पाडा म्हणणार नाहीत, पण 'सिमको असा नव्हता, हे कागद बघा' एवढं शांतपणे सांगतील आणि त्या खलनायकाला पुरस्काराच्या यादीत टाकताना नटाचं कौतुक करून लेखकाचे गुण कापतील. दंडुका आणि खांदे उडवणं यांच्या मधली ही जागा आपण रिकामी ठेवली, म्हणून ती दंडुकेवाल्यांनी घेतली. त्यांना विरोध करायचा तर 'काहीही चालतं' म्हणून होणार नाही. त्याने उलट त्यांचंच फावतं.

तोडगाही अवघड नाही. नाव बदला. १९८० च्या दशकातल्या वॉशिंग्टन शहराच्या उपनगरात अमेरिकन जोडपं म्हणून राहणाऱ्या सोव्हिएत हेरांवरची 'द अमेरिकन्स' ही मालिका घ्या. तिचा कर्ता स्वतः सीआयएत नोकरी केलेला माणूस; त्यामुळे पटकथा आधी त्या संस्थेला वाचायला द्याव्या लागत. केजीबीच्या दप्तरातून बाहेर आलेल्या टिपणांचा त्याने अभ्यास केला. पण नवरा-बायको काल्पनिक, समोरचा शेजारी काल्पनिक. काळ खरा, भीती खरी, कामाची पद्धत बरीचशी खरी, आणि कुणा मेलेल्याच्या नावावर खोटं बिल फाडलेलं नाही. नाव काल्पनिक ठेवल्याने ती मालिका कुणाला कमी खरी वाटली?

हे सगळं अमेरिकेचं झालं. मला जास्त टोचतं ते वेगळंच. माझे मित्र सेटॉकेटच्या खाडीचा नकाशा काढून दाखवतात, आणि आपल्या गावात मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीवरून रोज जाता-येता त्यांना तिथली गोष्ट ठाऊक नसते. तो तुरुंग म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला आणि डिसेंबर १७७४ मध्ये, अमेरिकेत क्रांतीची ठिणगी पडायला काही महिने असताना, इंग्रजांनी घेतला. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला, संशय दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्र्यंबकजी डेंगळ्यांवर आला, आणि इंग्रजांनी त्यांना इथे आणून कोंडलं. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे शिपाई ठेवले, म्हणजे लाच नको, फितुरी नको. किल्ल्यातल्या एका साहेबाचा मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, होता. तो घोडा फिरवायला काढी आणि त्र्यंबकजींच्या खिडकीखालून येरझाऱ्या घालताना, सहज गुणगुणल्यासारखं करून, बाहेरचा निरोप गाण्यात घालून ऐकवी. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. सप्टेंबर १८१६ मध्ये त्र्यंबकजी पसार झाले. दोन वर्षांत पुन्हा सापडले आणि चुनारगडावर कैदेत गेले, ती पुढची गोष्ट.

ही हकिकत मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या इंग्रजांच्या अधिकाऱ्याने लिहिली, तीही घटनेनंतर अवघ्या दहा वर्षांत. म्हणजे ती निव्वळ गावगप्पा नव्हे. पण त्या मोतद्दाराचं नाव त्यात नाही. नंतर एका इंग्रज बिशपने आपल्या प्रवासवर्णनात त्या गाण्याचं इंग्रजी पद्य दिलं: झुडपाआड तिरंदाज, झाडाखाली घोडा वगैरे. ते खरं गाणं की साहेबाच्या कवित्वाची भर, कोण सांगणार? माझ्या निकषाला यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही. उद्या कुणी यावर मालिका काढली, तर मोतद्दाराला नाव द्या, घर द्या, बायको द्या, ओवी द्या, लावणी द्या, काय हवं ते द्या. साहेबाच्या घोड्याला खरारा करता करता तो कुठली चाल गुणगुणत असेल, हे लेखकाने मनाने रचावं. ठाण्यातून त्याला कुणी जाब विचारणार नाही, विचारला तर मी मध्ये पडेन. त्र्यंबकजी आणि पुण्याच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन यांच्याबाबत मात्र हात आखडावा लागेल. त्र्यंबकजींना निष्पाप देशभक्त करायचं किंवा कपटी राक्षस करायचं, दोन्ही मोह होतील, आणि दोन्हींच्या आड कागद येईल. एल्फिन्स्टनचा पत्रव्यवहार आहे, पेशवे दप्तर आहे.

पेशवे दप्तराची आठवण इथे ओघाने आलीच. पेशवाई बुडाल्यावर ते इंग्रजांच्या कुलपात गेलं आणि आपल्या अभ्यासकांना त्याचं दार फार काळ किलकिलंसुद्धा होत नव्हतं. राजवाड्यांनी मग घरोघर, वाड्यावाड्यांत फिरून खासगी कागद गोळा केले. त्यांचा पहिला खंड १८९८ चा. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेले ४५ खंड छापून आले ते १९३० नंतर. म्हणजे मराठ्यांच्या राज्याबद्दल मराठी माणसाला कागद हातात धरून भांडता यायला शंभरेक वर्षं लागली. मधल्या काळात काय होतं? कादंबऱ्या, नाटकं आणि साहेबाचा इतिहास. कुलूपबंद कागदाच्या शेजारी दंतकथा फोफावते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि इथेच माझ्या निकषाला भोक आहे. कागद गप्प असेल तिथे कल्पनेला मोकळीक, असं मी म्हटलं. पण कागद गप्प नसून त्याच्या तोंडावर हात ठेवलेला असेल तर? आपल्या आधुनिक हेरमालिकांची अवस्था हीच आहे. सप्टेंबर १९६८ मध्ये 'रॉ', म्हणजे परदेशातली हेरगिरी बघणारी आपली संस्था, स्थापन झाली. तिच्या पहिल्या दशकांवर पडद्यावर एकामागून एक कथा येताहेत. सुरुवातीला पाटी झळकते: 'सत्य घटनांवरून प्रेरित'. तिच्याच पाठोपाठ बारीक अक्षरात, वाचून व्हायच्या आत पुसली जाणारी दुसरी: 'सर्व पात्रे काल्पनिक'. जाहिरातीला पहिली पाटी, टीकेला दुसरी. आणि खरं काय ते तपासायला जावं, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने गुप्तचर संस्थांना वगळलेलं. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच खिडकी थोडी उघडते. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांनी खुल्या करण्याचं धोरण जाहीर केलं, ते स्वागतार्हच होतं. पण 'रॉ' येते मंत्रिमंडळ सचिवालयाखाली. ते धोरण तिच्या उंबऱ्यापर्यंत जात नाही.

याचा परिणाम बघायचा तर कहुट्याची गोष्ट घ्या. पाकिस्तानच्या अणुकेंद्राजवळच्या न्हाव्याच्या दुकानातून आपल्या हेरांनी केस उचलले, त्यावरून युरेनियमचा छडा लागला, आणि पंतप्रधान मोरारजी देसायांनी पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झियांशी फोनवर बोलताना ते बोलून टाकलं. मग आपली माणसं तिथे मारली गेली. ही गोष्ट आता कुठल्याही ठाणेकर रिक्षावाल्याला पाठ आहे. तिचा आधार काय, तर निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणी आणि ऐकीव हकिकती. दुजोरा देणारा सरकारी कागद लोकांसमोर आलेला नाही. मोरारजींवर मराठी माणसाने प्रेम करावं असं काही नाही. संयुक्त महाराष्ट्राचे १०६ हुतात्मे आम्ही विसरलेलो नाही. पण आवडत नाही म्हणून माणसावर देशाच्या हेरांच्या मरणाचा ठपका ठेवायचा आणि पुराव्याची गरज नाही म्हणायचं? १९८३ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने मोरारजी सीआयएचे पगारी होते असं पुस्तकात लिहिलं, तेव्हा म्हाताऱ्याने अमेरिकेत दावा लावला. १९८९ मध्ये निकाल विरोधात गेला, पण निदान भर कोर्टात साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली. कहुट्याच्या आरोपाचं असं काही झालं नाही आणि आता तर आरोपी हयातही नाही.

'राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असतो,' असं यावर सांगतात. असतो, कालच्या मोहिमेचा, परवाच्या माणसाचा असतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या फोनच्या टिपणाने आज कोणती सीमा उघडी पडते? अमेरिकेत २५ वर्षं जुने कागद, अपवाद वगळून, आपोआप खुले होण्याची तरतूद आहे. ब्रिटनची एमआय-५ आपल्या जुन्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात टप्प्याटप्प्याने देते आणि २००९ मध्ये तिने स्वतःचा अधिकृत इतिहास एका अभ्यासकाकडून लिहून घेतला. या दोन देशांना सुरक्षेची काळजी आपल्यापेक्षा कमी आहे, असं कोण म्हणेल?

गुप्ततेची किंमत शेवटी कुणाच्या खिशातून जाते, तेही पाहा. राजस्थानातल्या कोट्याचा एक टपाल खात्यातला माणूस. त्याचं म्हणणं, गुप्तचर विभागाने मला पाकिस्तानात पाठवलं, १९७६ मध्ये मी पकडला गेलो आणि तिथल्या तुरुंगात वर्षानुवर्षं सडलो. इकडे टपाल खात्याने त्याला कामावर गैरहजर राहिल्याबद्दल १९८० मध्ये बडतर्फ केलं. सुटून आल्यावर तो कज्जेखटले लढत राहिला. सरकार म्हणत राहिलं, याचा आमचा संबंध नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला १० लाख रुपये सानुग्रह द्यायला सांगितलं. सानुग्रह म्हणजे हक्क म्हणून नव्हे. तो हेर होता की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. पडद्यावरच्या हेराला शेवटच्या भागात पार्श्वसंगीतासह सलामी मिळते, तर याची हजेरीच लागली नाही.

म्हणून चाहत्यांकडे माझं मागणं बटणांपलीकडचं आहे. दृश्य थांबवून बंदुकीचं साल शोधणाऱ्या माणसाकडे चिकाटी आहे, डोळा आहे, इंग्रजी आहे, वेळ तर भरपूरच आहे. मामलेदारच्या मिसळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर १८९३ मध्ये स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. त्र्यंबकजींसाठी सुरुवात तिथून करता येईल. १९७० च्या दशकासाठी मात्र नुसतं वाचनालय पुरणार नाही. त्यासाठी अर्ज लागतील, ते फेटाळले गेले की अपिलं लागतील, खासदाराकडे खेटे लागतील आणि 'सत्य घटनांवरून प्रेरित' लिहिणाऱ्या प्रत्येक निर्मात्याला एकच प्रश्न विचारावा लागेल: कुठली घटना, आणि तिचा कागद तुम्ही पाहिलाय का?